संकष्टी, ग्लिमेपिराइड आणि ‘शुगर लो’: साखर देऊनही आकडा का चढत नाही?

पारिजात

नमस्कार मंडळी. मधुमेहावरचे इथले जुने धागे चाळले. पथ्य, कारलं-मेथी, चालणं यावर भरपूर आहे, पण शुगर खाली गेली तर काय करायचं यावर फारसं सापडलं नाही, म्हणून नवा धागा काढतेय.

सासूबाई ७१ वर्षांच्या. शुगरची एकच गोळी, सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी. संकष्टी कधी सोडत नाहीत. परवाच्या संकष्टीला चंद्रोदय साडेनवाच्या पुढे होता. दुपारी वाटीभर साबुदाण्याची खिचडी, नंतर चहा, संध्याकाळी साडेसहाला नेहमीच्या वेळेवर गोळी. आठच्या सुमारास मोदकांची उकड मळता मळता त्या ओट्याशी नुसत्याच उभ्या राहिल्या. खोबरं किती घेऊ विचारलं तर म्हणाल्या, “दूधवाला आला का?” ओठावर घामाचे थेंब, पाठ भिजलेली, हात गार. मीटरवर ५८, म्हणजे सत्तरच्या खाली, लो.

लगेच तीन चमचे साखर अर्धा पेला पाण्यात ढवळून दिली. पंधरा मिनिटांनी ६१. पुन्हा तेवढीच दिली, तर ६६. मग चंद्राची वाट न बघता वरण-भात वाढला. तासाभराने ११२ आलं आणि सगळे निर्धास्त झालो. रात्री अडीचला बाथरूमला उठल्या तेव्हा भिंतीला धरून चालत होत्या. बघितलं तर ६४!

दोन प्रश्न आहेत. एवढी साखर देऊन आकडा का चढला नाही? आणि पोटभर जेवल्यावर मध्यरात्री पुन्हा कसा उतरला?

स्टेथोस्कोप

पारिजात, तुम्ही वेळोवेळी मीटरवर बघत राहिलात, म्हणून आता काही नेमकं सांगता येईल. गोळीची स्ट्रिप हातात घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. ब्रँडचं नाव नको, आत काय काय आहे ते लिहा.

पारिजात

ग्लिमेपिराइड २ मिग्रॅ, मेटफॉर्मिन ५०० मिग्रॅ, व्होग्लिबोज ०.२ मिग्रॅ. एका गोळीत तीन औषधं आहेत!

स्टेथोस्कोप

अंदाज होताच. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिसऱ्या नावात आहे. आपली घरातली साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज एकमेकांना जोडलेले. लहान आतड्यात ही जोडी तुटली की मगच ग्लुकोज रक्तात उतरतं. व्होग्लिबोज ही तोडणीच मंद करतं. जेवणानंतर शुगर एकदम उसळू नये म्हणून तर ते देतात. अकार्बोजचंही तसंच. साडेसहाला गोळी आणि आठला साखरपाणी, म्हणजे औषध ऐन कामावर असताना साखर आत गेली आणि पोटातच रेंगाळली.

यातलं एखादं औषध चालू असेल तर घरात ग्लुकोज पावडर हवीच. तिच्यातलं ग्लुकोज आधीच सुटं असतं, तोडायची गरज नाही. पावडर साधी घ्या. संत्रं-लिंबू फ्लेवरच्या पाकिटांत बरेचदा साखर मिसळलेली असते, मागचे घटक वाचा. पावडर हाताशी नसेल तर एक मोठा चमचा मध. मधातलं बहुतेक ग्लुकोज सुटंच असतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या नावात आहे. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, तुम्ही जेवला आहात की नाही हे ते बघत नाही. परिणाम दिवसभर टिकतो. वय झालेल्या माणसाचं मूत्रपिंड थोडं मंदावलेलं असेल तर त्याहून जास्त. वरण-भाताने शुगर वर नेली, भात पचून संपला, गोळी मात्र संपली नव्हती. या जातीच्या गोळ्यांनी, म्हणजे ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड आणि त्या सगळ्यांत चिवट ग्लायबेनक्लामाइडने शुगर उतरली असेल तर ‘आता बरं वाटतंय’ म्हणून विषय संपत नाही. पुढचा अख्खा दिवस दर काही तासांनी तपासायचं, झोपण्याआधी आणि मध्यरात्रीसुद्धा. म्हातारं माणूस अशा गोळीने बेशुद्ध झालं आणि शुद्धीवर आलं तरी आम्ही त्याला लगेच घरी सोडत नाही, ते याचसाठी.

नुसतं मेटफॉर्मिन, किंवा सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन, डापाग्लिफ्लोझिन ही एकेकटी सहसा शुगर धोकादायक खाली नेत नाहीत. नेतात ती इन्सुलिन आणि ही ग्लिमेपिराइडच्या कुळातली मंडळी. आपल्या गोळीत काय आहे हे माहीत असणं आणीबाणीच्या वेळी फार उपयोगी पडतं.

आता एक विचारतो. सासूबाईंची शेवटची तीन महिन्यांची शुगर किती आली? आणि क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी?

पारिजात

एचबीए१सी ६.३. रिपोर्ट बघून सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं होतं. क्रिएटिनिन १.४, त्यापुढे छोटा बाण काढलेला आहे.

स्टेथोस्कोप

तर मग हे दोन्ही कागद घेऊन याच आठवड्यात तुमच्या डॉक्टरांकडे जा, पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट बघू नका. गोळी मनाने बंद करू नका, पण आज फोन करून ‘दोनदा ७० च्या खाली गेली, रात्रीसुद्धा’ एवढं नक्की सांगा. आजचा डोस काय ठेवायचा ते तेच सांगतील.

ग्लिमेपिराइडवर असलेल्या सत्तरीपुढच्या माणसाचं एचबीए१सी ६.३ आलं की मला आनंद होत नाही, मी विचारतो की खाली किती वेळा जाते. सरासरी सुंदर दिसते ती कधीकधी अशा उतारांमुळेच. अमेरिका-कॅनडात अ‍ॅकॉर्ड नावाची मोठी चाचणी झाली. हृदयविकाराचा धोका असलेल्या दहा हजारांवर मधुमेही लोकांपैकी निम्म्यांचं एचबीए१सी ६ च्या खाली आणायचा कसून प्रयत्न केला. त्या गटात मृत्यू जास्त दिसले म्हणून २००८ मध्ये तो भाग मुदतीआधी थांबवावा लागला. तेव्हापासून वयस्कर, इतर आजार असलेल्या माणसांसाठी लक्ष्य सैल ठेवतात, अनेकांना ७.५, काहींना ८ सुद्धा चालतं. शुगर उतरून पडल्याने ७१ व्या वर्षी मोडलेला खुबा हा ६.३ च्या रिपोर्टपेक्षा फार महाग पडतो.

चाफेकळी

छान माहिती. पण शुगर लो झाली हे ओळखायचं कसं? आमच्याकडे सासरे चिडले की सगळे म्हणतात शुगर वाढली असेल.

घाटवाट

चाफेकळी, मी लहानपणापासून टाइप १, म्हणजे शरीर इन्सुलिन बनवतच नाही तो मधुमेह, त्यामुळे आतून कसं वाटतं ते सांगू शकतो. आधी शरीर हाका मारतं: हात थरथरतात, छाती धडधडते, गार घाम फुटतो, ओठांभोवती मुंग्या येतात आणि भूक तर अशी लागते की समोरचं काहीही खावं. त्यात लक्ष दिलं नाही की मेंदूची पाळी. वाक्य अर्धवट राहतं, चप्पल घालायला वेळ लागतो, साधा हिशेब जमत नाही, डोळ्यापुढे दोन-दोन दिसतं. याच वेळी माणूस हट्टी होतो आणि ‘मला काही झालेलं नाही’ असं ठासून सांगतो. घरच्यांनी ते ऐकायचं नाही. वाद न घालता हातात ग्लुकोजचा पेला द्यायचा.

चिडचिड दोन्हीकडे होऊ शकते, शुगर वाढल्यावरही आणि उतरल्यावरही. पण चांगलं बोलत असलेला माणूस दहा मिनिटांत एकदम वेगळा वागायला लागला तर आधी बोट टोचा. मीटर हाताशी नसेल तर लो समजूनच ग्लुकोज द्या. जास्त असताना तीन चमचे ग्लुकोज दिल्याने फार काही बिघडत नाही, कमी असताना न दिल्याने बिघडतं.

माझ्या ओळखीतले एक गृहस्थ इन्सुलिनवर आहेत. त्यांना एसटी स्टँडवर असं झालं. बाकावर कलंडले, बोलणं बरळल्यासारखं. आजूबाजूचे लोक ‘भरदुपारी टाकून आलाय’ म्हणत लांब सरकले. एका फळवालीने खिसे चाचपले, त्यात इन्सुलिनचं पेन निघालं. तेव्हापासून ते खिशात मराठीत लिहिलेलं कार्ड ठेवतात: मला मधुमेह आहे, मी विचित्र वागत असेन तर गोड पाजा, गिळता येत नसेल तर १०८ ला फोन करा.

गावरान

मला वाटतं उगाच बाऊ होतोय. वडिलांची शुगर ५५-६० असते कधीकधी, ते शेतावर चालत जातात. घाम नाही, चक्कर नाही. शरीराला सवय होते.

स्टेथोस्कोप

गावरान, ‘सवय होते’ हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे आणि मला काळजी त्याचीच वाटते. शुगर वारंवार खाली जात राहिली की शरीर हाका मारणं बंद करतं. धडधड, थरथर होतच नाही, पहिली खूण थेट गोंधळ किंवा फिट. म्हणजे वडिलांना त्रास होत नाही याचा अर्थ त्यांची घंटा बिघडली आहे. शेतावर विहिरीच्या काठी किंवा ट्रॅक्टरवर हे झालं तर?

दिलाशाची गोष्ट म्हणजे घंटा बऱ्याच अंशी परत वाजू लागते. काही आठवडे शुगर ७० च्या खाली जाऊच दिली नाही, त्यासाठी थोडी वर राहिली तरी चालवून घेतली, तर लक्षणं पुन्हा जाणवायला लागतात. ते कोणती औषधं घेतात? ब्लड प्रेशरसाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल यांसारखं काही आहे का? ही औषधं धडधड आणि थरथर झाकून टाकतात. घाम मात्र झाकला जात नाही, म्हणून अशा माणसात घाम हीच मुख्य खूण.

गावरान

मेटोप्रोलॉल आहे. अँजिओप्लास्टी झाल्यापासून. आणि सकाळी ३०/७० इन्सुलिन, म्हणजे जलद आणि मंद मिसळलेलं. डॉक्टरांना दाखवतो. खरंच धन्यवाद, हे कोणी बोललं नव्हतं.

लेस्टरकर

इकडे ब्रिटनमध्ये शुगर मिलिमोलमध्ये मोजतात, ४ म्हणजे तुमचे ७२. नर्स पहिल्याच दिवशी सांगते की ४ हा तळ, त्याच्या खाली जायचं नाही. प्रत्येकाच्या पर्समध्ये जेली बेबीज या मऊ गोड गोळ्यांचं पाकीट असतं.

गाडीचे नियम इकडे कडक आहेत आणि मला ते पटतात. इन्सुलिनवर असाल तर निघण्याआधी दोन तासांत तपासलेलं हवं, लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी पुन्हा. ५ च्या खाली असेल, म्हणजे तुमचे ९०, तर आधी काहीतरी खायचं. ४ च्या खाली गेली असेल तर गाडी बाजूला, किल्ली काढायची, ड्रायव्हरच्या सीटवरून उठायचं, उपचार करायचा आणि शुगर ५ च्या वर आल्यावरही ४५ मिनिटं गाडी चालवायची नाही, कारण आकडा वर आला तरी डोकं ताळ्यावर यायला वेळ लागतो. पुणे-मुंबई रोज करणाऱ्यांनी हे आपणहून पाळावं असं मनापासून वाटतं. तिकडे कोणी विचारणारं नाही, म्हणून तर जास्तच.

चाफेकळी

पेढा, चॉकलेट, लाडू चालतं का? आमच्याकडे देवघरात पेढे कायम असतात.

घाटवाट

शेवटचा पर्याय म्हणून. पेढ्यातला खवा, चॉकलेटमधलं लोणी, लाडवातलं तूप, या सगळ्यामुळे साखर उशिरा रक्तात पोचते. त्या मिनिटांना पातळ, गोड, तूप-दूध नसलेलं काहीतरी हवं. ग्लुकोज पावडरचे चहाचे तीन भरलेले चमचे पाण्यात, किंवा व्होग्लिबोज-अकार्बोज नसेल तर तेवढीच साखर किंवा साध्या कोल्ड्रिंकचा दीडशे मिली, म्हणजे लहान पेला. डाएट किंवा झिरो लिहिलेलं कोल्ड्रिंक अजिबात नको, त्यात साखरच नसते! त्याच अटीवर उसाचा रस, फळांचा रस चालतो, पण मूत्रपिंडाच्या पेशंटनी संत्र्याचा रस किंवा शहाळं घेऊ नये, पोटॅशियमचा प्रश्न असतो.

हे साधारण १५ ग्रॅम झालं. मग १५ मिनिटं थांबायचं. हे थांबणं सगळ्यांत अवघड. जीव असा घाबराघुबरा होतो की माणूस साखर, बिस्किटं, केळं, श्रीखंड असं सगळं एकामागून एक खातो आणि दोन तासांनी मीटर ३०० दाखवतं. त्यावर कोणी जास्तीचं इन्सुलिन घेतलं की पुन्हा उतार. १५ मिनिटांनी तपासा, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. वर आली आणि जेवणाला तासाभराचा अवकाश असेल तर अर्धी पोळी, दोन-तीन बिस्किटं, कपभर दूध असं टिकणारं काही. पेढा खायचाच असेल तर त्या वेळी खा.

सिस्टर_नाइटड्यूटी

कॅज्युअल्टीत बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून कळकळीने एक सांगते. माणूस बेशुद्ध असेल, फिट येत असेल किंवा घोट गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नका. साखरपाणी नको, मध नको, चमचा नको. नातेवाईक प्रेमापोटी पाणी ओततात आणि ते फुप्फुसात जातं. आम्ही शिरेतून ग्लुकोज देऊन शुगर पाच मिनिटांत आणतो, पण तो न्यूमोनिया पुढे आठवडाभर भोवतो.

करायचं एवढंच: कुशीवर वळवा, तोंड किंचित खाली राहू दे, कवळी असेल आणि सहज निघत असेल तर काढा, १०८ लावा आणि फोनवर ‘मधुमेही आहे, शुगर उतरली आहे, बेशुद्ध आहे’ असं स्पष्ट सांगा. औषधांच्या स्ट्रिप पिशवीत घालून सोबत आणा. नुसतं ‘पांढरी गोल गोळी’ सांगून आम्हाला कळत नाही.

टाइप १ मुलांच्या घरी ग्लुकागॉनचं इंजेक्शन असावं. ते दंडात किंवा मांडीत देता येतं, यकृतातला ग्लुकोजचा साठा रक्तात सोडतं. मोठ्यांना १ मिग्रॅ, लहान मुलांना अर्धा. तुमच्या मुलाला किती ते डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही, आधी सांगून मागवावं लागतं, महागही आहे. दिल्यावर उलटी होऊ शकते म्हणून कुशीवरच ठेवा. ज्याने दारू जास्त घेतली आहे किंवा बराच वेळ उपाशी आहे त्याच्या यकृतात साठाच नसतो, तिथे हे इंजेक्शन फारसं चालत नाही.

दारूचं निघालंच आहे तर: रिकाम्या पोटी घेतलेली दारू यकृताला नवीन ग्लुकोज बनवू देत नाही. रात्री पार्टी झाली की उतार पहाटे किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी येतो, तोवर सगळे ‘झोपू दे त्याला’ म्हणत असतात.

मेडिकल_दुकानदार

काउंटरवर रोज दिसतं ते लिहितो. इन्सुलिनच्या बाटल्या आपल्याकडे दोन ताकदीच्या मिळतात, ४० युनिटच्या आणि १०० युनिटच्या, प्रत्येक मिलिलीटरला. सिरिंजही दोन. ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. १०० ची बाटली आणि ४० ची सिरिंज अशी जोडी पडली तर २० च्या खुणेपर्यंत भरलेलं इन्सुलिन प्रत्यक्षात ५० युनिट होतं. अडीचपट. मूल शिकायला बाहेरगावी गेलं, दुकान बदललं, ‘इन्सुलिनची सिरिंज द्या’ म्हटलं आणि समोरच्याने हाताला लागेल ती दिली, इतकं हे सोपं आहे. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा दुकानातच जुळवून बघा. पेनच्या काडतुसातून सिरिंजने इन्सुलिन काढू नका.

आणखी एक. रोज पोटावर त्याच जागी टोचून तिथे मऊ गाठ होते. त्या जागी टोचलेलं दुखत नाही म्हणून लोक तीच जागा धरून बसतात. गाठीतून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही, मग डोस वाढतो. एक दिवस तोच वाढलेला डोस चांगल्या जागेत जातो आणि शुगर धाडकन उतरते. जागा बदलताना डॉक्टरांना विचारून डोस बघून घ्या.

स्टेथोस्कोप

दुकानदार दादांच्या मुद्द्याला जोडून. प्रत्येक उतारानंतर ‘का?’ हा प्रश्न विचारायलाच हवा. आपल्याकडे साखर दिली, बरं वाटलं, विषय संपला असं होतं. जेवण उशिरा झालं का? लग्नाच्या पंगतीत इन्सुलिन टोचून तास-दीड तास ताटकळणं हे नेहमीचं. ३०/७० घेणाऱ्यांनी पान समोर आल्याशिवाय टोचू नये. जुलाब-उलट्या झाल्या का? वजन घटलं का? मूत्रपिंडाचा रिपोर्ट बदलला का? नवीन औषध सुरू झालं का? लिव्होफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक्ससुद्धा गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची शुगर उतरवू शकतात. कोणाच्या सांगण्यावरून कुठलं चूर्ण चालू केलं का?

घाटवाट

आणि चालणं. त्याच वेळी नाही, नंतर. दिवसभर गड चढून उतरलो की माझी शुगर रात्री दोन-तीनला घसरते, कारण रिकामे झालेले स्नायू रात्रभर रक्तातून ग्लुकोज ओढत राहतात. वारीला जाणाऱ्या टाइप १ आणि इन्सुलिनवरच्या लोकांनी दिवेघाटाच्या दिवशी सासवडला मुक्कामी पोचल्यावर रात्रीचा डोस किती घ्यायचा हे निघण्याआधीच डॉक्टरांशी बोलून ठरवावं. पंढरीच्या वाटेवर प्रसादाचा शिरा पावलोपावली मिळतो, पण त्यात तूप असतं. कनवटीला ग्लुकोजची पुडी हवी.

रात्रीच्या उताराच्या खुणा: घामाने ओली उशी, भयानक स्वप्नं, सकाळी जड डोकं. अशा सकाळी शुगर उलट वाढलेलीही दिसू शकते. दोन-तीन रात्री अडीचचा गजर लावून तपासलं की कळतं.

शाळा_पाचवी_ब

माझ्या वर्गात टाइप १ असलेली एक मुलगी आहे. तिच्या आईने वर्षाच्या सुरुवातीला अर्धं पान लिहून दिलं, फार उपयोगी पडतं. त्यातली एक सूचना सगळ्या शिक्षकांना माहीत हवी: लो वाटतंय म्हणाली की तिला एकटीला ऑफिसमध्ये पाठवायचं नाही, जिन्यात पडू शकते. ग्लुकोज बसल्या जागी द्यायचं, परीक्षा चालू असली तरी. सीबीएसईने २०१७ मध्ये बोर्डाच्या परीक्षेला अशा मुलांना खाऊ आणि पाणी आत न्यायची परवानगी दिली. बाकी शाळांनी घटक चाचणीलाही तेवढं करावं.

माझ्या कपाटात तिच्या नावाचा डबा आहे. वर्गातल्या मुलांना तो कुठे आहे ते माहीत आहे. एकदा पीटीनंतर ती गप्प झाली तेव्हा डबा आणून देणारा तिचा बाकमित्र होता, मला नंतर कळलं.

चाफेकळी

मॅडम, डोळ्यात पाणी आलं. 🙏

आंबेवाली_काकू

माझा अनुभव उलटा आहे. मला थरथर होते, घाम येतो, मीटर १२० दाखवतं. मीटर खराब आहे का?

स्टेथोस्कोप

काकू, दोन शक्यता. शुगर बरेच दिवस २५०-३०० राहिली असेल आणि औषधाने आता खाली येत असेल तर १२० लाही शरीराला ‘कमी’ वाटतं. तिथे साखर खायची नाही, शांत बसायचं, काही आठवड्यांत सवय होते.

दुसरी शक्यता हाताची. आंबा चिरून किंवा खाऊन नुसतं फडक्याला पुसलेल्या बोटावर रसाचा पातळ थर राहतो. टोचलेल्या थेंबात तो मिसळला की मीटर कितीतरी जास्त दाखवतं आणि खरी ६० शुगर लपून जाते. स्पिरिट लावून भागत नाही, साबणाने हात धुऊन, कोरडे करून टोचा. स्ट्रिपच्या डबीचं झाकण घट्ट लावता ना? आपल्या पावसाळ्यातल्या दमट हवेत उघड्या राहिलेल्या स्ट्रिप बिघडतात.

पारिजात

सगळ्यांचे मनापासून आभार. काल डॉक्टरांकडे जाऊन आलो. क्रिएटिनिनवरून त्यांनी मूत्रपिंडाचं काम (ईजीएफआर) साधारण ४० वर, म्हणजे बरंच मंदावलेलं आहे असं सांगितलं. ग्लिमेपिराइड आणि व्होग्लिबोज बंद केलं, मेटफॉर्मिन ५०० दोन वेळा ठेवलं, लिनाग्लिप्टिन सुरू केलं. आकडा थोडा वाढेल, साडेसातपर्यंत चालेल म्हणाले.

उपवासाचं मात्र डॉक्टरांच्या सांगण्यावर सासूबाई गप्प बसल्या होत्या. घरी आल्यावर मावशींना फोन केला, त्यांनाही शुगर आहे. मावशी आता चंद्रोदयाला नैवेद्य दाखवतात, पण स्वतः नेहमीच्या वेळेला जेवून घेतात. त्यांच्या गुरुजींनीच तसं सांगितलंय. ते ऐकून या म्हणाल्या, “बघू पुढच्या महिन्यात.” जबरदस्ती करणार नाही. ग्लुकोजची साधी पावडर फ्रिजवर ठेवलीय, डब्यात मापाचा चमचा आहे.

कोकणी_काकू

पारिजात, बरं केलंस. नवरात्रात नऊ दिवस उपवास करणाऱ्यांनीही घट बसायच्या आधीच गोळ्या दाखवून घ्याव्यात गो. आठव्या दिवशी धावाधाव नको.

नवखी_आई

उशिरा येतेय. मुलगी नऊ वर्षांची, नुकतंच निदान झालंय, दंडावर सतत शुगर मोजणारा सेन्सर आहे. रात्री फोन किंचाळतो, ५८ दाखवतो, आम्ही दचकून उठतो, बोट टोचलं तर ९६. असं वारंवार होतंय. सेन्सरवर विश्वास ठेवायचा की नाही? आणि झोपेत ग्लुकोज द्यायचं का?

घाटवाट

ती सेन्सरच्या कुशीवर झोपते का बघा. दंड दबला की तिथला प्रवाह कमी होतो आणि सेन्सर खोटा उतार दाखवतो. आलेख बघितलात तर अशा वेळी रेष सरळ खड्ड्यात पडते आणि कूस बदलली की तितकीच पटकन वर येते. खरा उतार बहुधा उतरणीसारखा येतो. पुढचा सेन्सर दंडाच्या थोडा मागच्या बाजूला लावून बघा, कोणत्या जागा चालतात ते माहितीपत्रकात असतं.

पण गजर बंद करू नका. सेन्सर त्वचेखालच्या द्रवातली शुगर मोजतो, रक्ताच्या पाच-दहा मिनिटं मागे असतो. म्हणून ग्लुकोज दिल्यावर सेन्सर अजून कमीच दाखवतो आणि आईवडील दुसऱ्यांदा देतात. तिथे बोटाचा आकडा धरा. खरंच कमी असेल तर तिला आधी पूर्ण जागी करून उठून बसवा, नाव विचारा, नीट उत्तर आलं की मग घोट घोट द्या. लहान मुलांना १५ ग्रॅम बरेचदा जास्त होतं, वजनाप्रमाणे किती ते तिच्या डॉक्टरांकडून कागदावर घ्या आणि तो कागद पलंगाशेजारी चिकटवा. झोपेच्या गुंगीत हिशेब होत नाही.

नवखी_आई

उजव्याच कुशीवर झोपते, सेन्सरही उजवीकडेच आहे! पुढचा डावीकडे लावते. कागद आजच मागते.